हाताला न सापडलेला ब्रेक

सीताफळवाल्या मावशींनी मला पहिली हाक मारली ती "ओ काका, या, गोड आहेत" अशी. दुसरी हाक दीडदोन मिनिटांनी आली. "ओ काका, गाडी चालली ना तुमची!"

या दोन हाकांच्या मधे मी जे केलं, किंवा केलं असं समजलो, त्याबद्दल हे लिहितो आहे. दौलताबादचा किल्ला मागे टाकून खुलताबादकडे निघालं की रस्ता चढू लागतो आणि ऑक्टोबरात कडेला सीताफळांच्या पाट्या लागतात. आम्ही दोघं भद्रा मारुतीला निघालो होतो. चढावर, रस्त्याच्या मुरमाड कडेला, गाडी उभी केली. बायको उतरली. मी गिअर न्यूट्रलला टाकला, डावा हात नेहमीच्या जागी नेला, दार उघडलं आणि खाली उतरलो. इंजिन चालूच होतं, कारण दोन किलो सीताफळांसाठी एसी कशाला बंद करायचा? गाडीने टूंटूं केलं. पण ती पट्टा न लावल्यावर टूंटूं करते, लेन बदलली की करते, मागून मांजर गेलं तरी करते. मी ऐकून सोडून दिलं.

मागचं चाक मुरमातल्या बारीक खळग्यात बसलं होतं, म्हणून गाडी थोडा वेळ थांबली. बायकोला पर्स घ्यायची आठवण झाली. तिने मागचं दार उघडलं, पर्स काढली आणि दार धाडकन लावलं. तेवढा हेलकावा पुरला. गाडी आधी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने आणि मग पळणाऱ्या माणसाच्या वेगाने मागे निघाली. मावशींनी शेजारी तराजू धरून बसलेल्या पोराचा दंड धरला आणि त्याला पोत्यासारखं बाजूला ओढलं. गाडी त्यांच्या दोन पाट्यांवरून गेली आणि लिंबाच्या झाडाला मागून टेकली. पोरगं बसलं होतं ती जागा आणि चाकाची खूण यात दीड हाताचं अंतर होतं. ते मी नंतर मोजलं. मोजायला नको होतं.

मी काय करत होतो? धावत होतो. उघडं दार पकडून आत शिरायला बघत होतो. हा मूर्खपणा आधी सांगून टाकतो, कारण बाकी सगळ्या चुकांपेक्षा तो जीवघेणा आहे. सुटलेल्या गाडीचं वजन बारा-तेराशे किलो असतं. उतारावर ती अडवायला मागे उभं राहणं, दारात लटकणं, बॉनेटला खांदा लावणं, यातलं काहीही माणसाच्या हाडांना झेपणारं नाही. ओरडावं, लोकांना बाजूला करावं आणि गाडी जाऊ द्यावी. बंपर नवा मिळतो.

गाडीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. तिने आपलं काम केलं होतं. मीच तिला काम सांगितलं नव्हतं.

माझा डावा हात जिथे गेला तिथे एकोणतीस वर्षं हँडब्रेकचा दांडा होता. आधी मारुती ८००, मग वॅगन आर, मग एक सेडान. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा मुलाने पुण्याहून फोन केला, "बाबा, आता क्लच पुरे, ऑटोमॅटिक घ्या." घेतली. त्या गाडीत दांड्याच्या जागी हात टेकायची गादी आहे आणि दांड्याचं काम एका बोटभर बटणावर आलं आहे. वर्तुळात इंग्रजी पी काढलेलं. वर ओढलं की ब्रेक लागतो, पायाचा ब्रेक दाबून खाली दाबलं की सुटतो. शिकायला अर्धा मिनिट लागतो. मी शिकलोही होतो. पण त्या दिवशी हाताने गादी चाचपली, काहीतरी धरल्यासारखं वाटलं आणि हाताने डोक्याला कळवलं की झालं. डोक्याने फेरतपासणी केली नाही. बँकेत असं व्हाउचर पास केलं असतं तर चार्जशीट मिळाली असती.

माझे वडील, अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. कन्नड डेपो, चाळीसगाव मार्ग. म्हणजे औट्रम घाट रोजचाच. घाटात कुठे गाडी उभी करायची वेळ आली की कंडक्टर आधी खाली उतरायचा आणि चाकामागे लाकडाचा पाचरीसारखा ठोकळा सरकवायचा. मग अण्णा ब्रेकवरचा पाय काढायचे. ठोकळा लागला का, हे ते ओरडून विचारायचे आणि "लागला" असं उत्तर आल्याशिवाय हलायचे नाहीत. लहानपणी मला यात गंमत वाटायची. आता लक्षात येतं, पाय उचलायच्या आधी कुणाकडून तरी उत्तर घ्यायचं, हीच सगळी विद्या होती.

जुना हँडब्रेकही उत्तर द्यायचा. कर्रकर्र करत पाच-सहा खटके वाजायचे, दांडा जड व्हायचा, उभा राहायचा. गाडीत बसलेल्या कुणालाही दिसायचं की ब्रेक ओढलेला आहे. नवं बटण ओढलं की परत आपल्या जागी येतं. ब्रेक लागलेला असो वा सुटलेला, बटण दिसायला तसंच. त्याचं उत्तर समोरच्या डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यात असतं, काही गाड्यांत बटणावरच्या बारीक दिव्यातही. आणि कान दिला तर मागच्या चाकांकडून सेकंदभर 'घुर्रर्र' असा आवाज येतो. हाताचं काम डोळ्याकडे आणि कानाकडे गेलं आणि माझ्या वयाच्या हजारो माणसांच्या हाताला हे कुणी कळवलंच नाही.

हे केवळ म्हाताऱ्यांचं रडगाणं आहे असं वाटत असेल तर अँटन येल्चिनची गोष्ट ऐका. 'स्टार ट्रेक'च्या नव्या चित्रपटांतला हा सत्तावीस वर्षांचा नट. १९ जून २०१६ला लॉस एंजेलिसमधल्या स्वतःच्या घराच्या उतारावरच्या वाटेवर त्याचीच जीप ग्रँड चेरोकी मागे घसरत आली आणि विटांच्या खांबावर त्याला चेपून गेली. त्या गाडीतला गिअरचा दांडा इलेक्ट्रॉनिक होता. कुठल्याही गिअरला टाका, हात सोडला की मधल्या जागेवर परत यायचा. गाडी पार्कला आहे की न्यूट्रलला, हे हाताला कळायचंच नाही. कंपनीने त्याआधी दोनच महिने, एप्रिल २०१६मध्ये, जगभरातल्या अकरा लाखांहून अधिक गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. ती भानगड गिअरची, माझी ब्रेकची. पण जात एकच. वस्तू आपली अवस्था हाताला सांगत नाही आणि माणूस डोळ्याने विचारत नाही.

घरी आल्यावर गाडीसोबत आलेलं जाडजूड पुस्तक मी पहिल्यांदा उघडलं. मग शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत आयुष्य काढलेल्या एका इंजिनिअर मित्राला चहाला बोलावलं. आपल्या शहराचं गाड्यांशी नातं तसं जुनं. वाळूजला बजाजचा कारखाना आहे, शेंद्र्याला २००१पासून स्कोडा जुळतात, आणि ऑक्टोबर २०१०मध्ये इथल्या मंडळींनी एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज दारात आणून देशाला तोंडात बोट घालायला लावलं होतं. एवढं असूनही चारचाकी चालवणाऱ्या दहा ओळखीच्यांना मी विचारलं की ऑटो होल्ड आणि पार्किंग ब्रेक यात फरक काय. दोघांनाच सांगता आलं. त्यातला एक टॅक्सी चालवतो.

मित्राने कागदावर आकृती काढून जे समजावलं ते माझ्या शब्दांत देतो.

इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक काही कालपरवाचा नाही. बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये तो २००१ला आला. आपल्याकडे तो वीसपंचवीस लाखांच्या वरच्या गाड्यांपुरता बरीच वर्षं राहिला. मग २०२०ची क्रेटा, २०२२ची नेक्सॉन ईव्ही मॅक्स, २०२४ची एक्सयूव्ही ३एक्सओ अशा गाड्यांतून मधल्या घरांत उतरला. मागच्या दोन्ही चाकांच्या ब्रेक कॅलिपरवर एकेक छोटी मोटर बसवलेली असते. बटण ओढलं की मोटर आतला स्क्रू फिरवते, स्क्रू पिस्टनला पुढे रेटतो आणि पॅड डिस्कला घट्ट धरतात. एकदा धरलं की मोटर बंद होते. स्क्रूचे आटेच असे असतात की मागून कितीही रेटा आला तरी तो उलटा फिरत नाही. म्हणजे ब्रेक लागलेला राहायला वीज लागत नाही. पण लावायला लागते आणि सोडायलाही लागते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे बॅटरीच्या गोष्टीत उपयोगी पडेल.

दांड्याच्या ब्रेकपेक्षा यात एक गोष्ट खरोखर चांगली आहे. घाट उतरून आल्यावर डिस्क तापलेल्या असतात. त्याच वेळी ब्रेक लावला आणि मग डिस्क थंड होऊन आकसल्या की पकड सैल पडते. दांड्याच्या गाड्या अशा अर्ध्या तासाने आपोआप निघाल्याचे प्रकार घडलेले आहेत. बऱ्याच नव्या गाड्यांत संगणक काही मिनिटांनी पकड पुन्हा आवळतो. बंद करून ठेवलेल्या गाडीतून मध्येच घुर्र आवाज आला तर घाबरू नका, ती आपला पट्टा आवळून घेते आहे.

आता ऑटो होल्ड. खरं बिंग इथे फुटलं. आदल्या दिवशी जालना रोडवर क्रांती चौक ते सिडको प्रत्येक सिग्नलला मी ऑटो होल्डवर गाडी थांबवत आलो होतो. पाय काढला तरी गाडी हलत नाही, काय सुख! दोन महिन्यांत पायाला त्याची सवय झाली. पण ऑटो होल्ड म्हणजे पार्किंग ब्रेक नव्हे. आपण ब्रेक दाबून गाडी थांबवली की ती यंत्रणा ब्रेक ऑईलचा दाब झडपा मिटून तसाच कोंडून ठेवते. पाणी भरलेल्या पाइपाच्या तोंडावर अंगठा धरावा तसं. दोन-पाच मिनिटांपुरतं ठीक. म्हणूनच बराच वेळ झाला, किंवा ड्रायव्हरने पट्टा सोडला, दार उघडलं, की बहुतेक गाड्या स्वतःहून ते काम मोटरच्या ब्रेककडे सोपवतात. बहुतेक. सगळ्या नव्हे. आणि माझ्या गाडीत इंजिन बंद केलं की ऑटो होल्डचं बटणही बंद होतं, दर वेळी नव्याने चालू करावं लागतं. त्या सकाळी मी ते चालू केलंच नव्हतं. त्यामुळे दार उघडल्यावर ज्या साखळीने गाडी मोटरचा ब्रेक कामाला लावणार होती, ती साखळीच तिथे नव्हती. सोबतीला होतं फक्त टूंटूं.

काही गाड्यांत ऑटो होल्ड तयार असला की पांढरा दिवा आणि गाडी खरोखर धरलेली असली की हिरवा दिवा लागतो. हिरवा म्हणजे 'थांबलो आहे', लाल म्हणजे 'बांधलेली आहे'. उतरायचं असेल तर लालच हवा. चढावर निघताना मदत करणारी हिल असिस्ट नावाची तिसरी सोय आहे. ती दोनतीन सेकंद धरते, ब्रेकवरून पाय एक्सलरेटरवर न्यायला पुरे एवढंच. तिच्या भरवशावर दारही उघडू नये.

त्या दिवसानंतर मी थांबायचा एक क्रम ठरवला आहे आणि तो इतक्यांदा केला आहे की आता हातापायांत मुरला. पायाचा ब्रेक घट्ट. तो दाबलेला असतानाच बटण वर. डोळे लाल दिव्यावर, कान मागच्या चाकांकडे. मग गिअर न्यूट्रलला टाकून पाय हळूच, अगदी कासवाच्या चालीने उचलायचा आणि गाडी ब्रेकवर बसते का बघायचं. बसली की पुन्हा पायाचा ब्रेक दाबून पार्कला टाकायचं. मग इंजिन बंद, मग पट्टा, मग दार. गिअरची गाडी असेल तर चढावर पहिला, उतारावर रिव्हर्स टाकून ठेवायचा. तीनचार सेकंदांचं काम आहे. बायको म्हणते, "अहो, संध्या करताय का?" म्हणू दे.

पार्क शेवटी का, आधी का नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं. पार्कमध्ये टाकलं की गिअरबॉक्समधल्या एका दातेरी चक्रात बोटाएवढा खिट्टा अडकतो. आधी पार्क आणि मग ब्रेक केला तर उतारावर सगळ्या गाडीचं वजन त्या खिट्ट्यावर लोंबकळतं. निघताना दांडा ओढावा लागतो, 'कटाक' असा आवाज येतो, तो याचाच. आधी ब्रेक लावला की वजन चाकांवर राहतं आणि खिट्टा मोकळा बसतो.

पंक्चरच्या वेळची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पार्कचा खिट्टा पुढची चाकं अडवतो. पण पुढचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शिअलमुळे तेच हवेत गरगरा फिरू शकतं आणि खिट्ट्याचा उपयोग संपतो. तेव्हा गाडीला धरून ठेवतो तो मागचा पार्किंग ब्रेकच. मागचं चाक उचललं असेल तर त्यातलाही अर्धा गेला. म्हणून जॅक लावायच्या आधी ब्रेक आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. आपल्या मराठवाड्यात आणखी काही मिळो न मिळो, दगडाला तोटा नाही.

सुलीभंजनबद्दल लिहू की नको असं बराच वेळ झालं. जून २०२४मध्ये खुलताबादजवळच्या त्या दत्तधाम मंदिराच्या आवारात तेवीस वर्षांची एक मुलगी गाडी चालवून बघत होती, मित्र मोबाइलवर चित्रण करत होता. गाडी रिव्हर्समध्ये होती. ब्रेकऐवजी एक्सलरेटर दाबला गेला आणि गाडी कठडा तोडून तीनशे फूट दरीत गेली. ती चित्रफीत त्या आठवड्यात सगळ्या देशाने पाहिली. मी अर्धीच पाहिली. नाथमहाराजांनी जिथे तप केलं असं सांगतात त्या डोंगरावर आम्ही शाळेच्या सहलीला जायचो.

त्या अपघाताशी या बटणाचा संबंध नाही. पण त्यानंतर घाटावर नवशिक्यांना गाडी देताना लोक एकमेकांना धीर देऊ लागले, "अरे, हँडब्रेक लावलेला आहे ना!" म्हणून सांगतो. इलेक्ट्रॉनिक ब्रेक लावलेला असला आणि इंजिन चालू, पट्टा लावलेला, दार बंद, गिअर टाकलेला असला, तर एक्सलरेटर दाबताच तो बहुतेक गाड्यांत आपोआप सुटतो. ती सोय आहे, चढावरून निघताना मागे घसरू नये म्हणून. तोच ब्रेक चुकून दाबलेल्या एक्सलरेटरला अडवत नाही. दांड्याचा हँडब्रेक निदान गाडीला ओढून धरायचा, इंजिन कण्हायचं. तेव्हा चालू इंजिनाच्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर नातवाला बसवून फोटो काढायची हौस असेल तर आधी इंजिन बंद करा. आणि दरीकडे तोंड किंवा पाठ करून शिकवणी नको. म्हैसमाळचं पठार मोठं आहे, पण शिकायला शहरातलं रिकामं मैदान बरं.

आता बॅटरी. दिवाळीनंतर आम्ही वीस दिवस मुलाकडे होतो. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पार्कमध्ये आणि ब्रेक लावून उभी. डॅशकॅम चालू राहिला होता, ते आल्यावर कळलं. बॅटरी पार झोपलेली. शेजाऱ्यांना रात्रीच्या रेल्वेला जायचं होतं आणि त्यांची गाडी माझ्या गाडीच्या मागे अडकलेली. चौघांनी रेटली, इंचभर हलली नाही. हलणार कशी? ब्रेक सोडायला वीज हवी आणि वीज नाही, त्यात गाडी पार्कमध्ये. दांड्याची, गिअरची गाडी असती तर दांडा खाली पाडून न्यूट्रलला टाकली असती. जुन्या गाडीला ढकलून सुरू करायची आपली जी सामुदायिक कला आहे ती इथे संपते. शेजारी रिक्षाने गेले. सकाळी गॅरेजवाल्या पोराने दुसरी बॅटरी जोडून गाडी जागी केली, तेव्हा इग्निशन चालू करून पायाचा ब्रेक दाबून बटण खाली दाबलं आणि ब्रेक सुटला. "काका, धक्का देने का जमाना गया," तो म्हणाला. जम्पर केबल घेऊन ठेवा, वीजगाडी असेल तरीही. तिच्यातला हा ब्रेक बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरच चालतो. आणि क्रेनवाल्याला फोन कराल तेव्हा ब्रेक विजेचा आहे आणि लॉक आहे हे आधी सांगा. चाकं घासत ओढून नेली तर टायर आणि ब्रेक दोन्हींची वाट लागते. अख्खी गाडी वर घेणारी क्रेन मागवायची.

याला दुसरी बाजूही आहे. सपाट जागी, बंद पार्किंगमध्ये, महिनाभर गाडी ठेवायची असेल तर ब्रेक न लावता नुसतं पार्कमध्ये ठेवून चाकांना दोन्हीकडून विटा लावणं बरं. पावसाळ्यात पॅड डिस्कला चिकटून बसतात. काही गाड्या मात्र इंजिन बंद करताच स्वतःहून ब्रेक लावतात. तो न लावायची युक्ती प्रत्येक कंपनीची वेगळी, पुस्तकात दिलेली असते. उतारावर हा शहाणपणा करायचा नाही.

पुस्तकात आणखी एक पान होतं ते वाचून मला आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांची आठवण झाली. त्यांनी मागचे ब्रेक पॅड बदलायला गाडी नेहमीच्या मिस्त्रीकडे दिली. मिस्त्री हुशार, तीस वर्षांचा हात. पण जुन्या गाडीत करायचा तसा त्याने पिस्टन शिकंजा लावून मागे दाबला. या ब्रेकमध्ये पिस्टनमागे स्क्रू असतो. आधी संगणकाचं यंत्र जोडून, किंवा पुस्तकातल्या क्रमाने, गाडीला सर्व्हिस अवस्थेत न्यावं लागतं म्हणजे मोटर स्क्रू मागे घेते. तसं न करता दाबलं की स्क्रू किंवा मोटर मरते. पॅडच्या पैशात वाचवलेले दीड हजार कॅलिपरच्या बिलात अनेक पटींनी गेले. मिस्त्री बदला असं मी म्हणत नाही. मिस्त्रीला आधी विचारा, "यंत्र आहे का?"

बीड बायपासवरच्या लॉन्समध्ये लग्नाला गेलात तर गाडीची चावी गाड्या लावणाऱ्या पोराच्या हातात जाते. रिसेप्शनची घाई, मागे गाड्यांची रांग, पोरगं अठरा-एकोणीस वर्षांचं. मी आता उतरायच्या आधी त्याला अर्धा मिनिट खिडकीशी उभं करतो आणि बटण दाखवतो. त्याला माझा राग येत असेल.

आणि शेजारी बसणाऱ्यांसाठी. चालत्या गाडीत ड्रायव्हरला झटका आला, शुद्ध हरपली, तर हे बटण मधल्या कन्सोलवर असल्यास शेजाऱ्याच्या हाताला येतं. वर ओढून धरून ठेवायचं. नुसतं ओढून सोडायचं नाही, धरून ठेवायचं. तसं धरलेलं असताना बहुतेक गाड्या चाकं न घसरू देता, नियंत्रित रीतीने, थांबेपर्यंत ब्रेक मारतात. हात सोडला की ब्रेकही सुटतो. दुसऱ्या हाताने स्टिअरिंग धरायचं. काही गाड्यांत हे बटण स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला असतं, तिथे शेजाऱ्याचा हात पोचत नाही. आपल्या गाडीत ते कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवावं. मी बायकोला हे समृद्धी महामार्गाच्या सावंगीकडच्या तोंडाला जाण्याआधी एका मोकळ्या, रिकाम्या रस्त्यावर वीसच्या वेगात करायला लावलं. पहिल्यांदा तिने बटण दाबलं, ओढलं नाही. दुसऱ्यांदा बरोबर. "एवढं सोपं होतं तर तुम्ही त्या दिवशी का नाही केलंत?" असं तिने विचारलं. या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

मावशींचं नुकसान मी तिथल्या तिथे भरून दिलं. पोराला काही विचारायचं धैर्य झालं नाही. तो मात्र चेपलेल्या सीताफळातल्या बिया थुंकत माझ्या फुटलेल्या टेललॅम्पचे लाल तुकडे गोळा करत होता.

या ऑक्टोबरात पुन्हा त्याच वाटेने गेलो. मुद्दाम तिथेच थांबलो. पायाचा ब्रेक, बटण, लाल दिवा, घुर्र, न्यूट्रल, पाय, पार्क, इंजिन बंद. सगळी संध्या यथासांग करून खाली उतरलो तोवर मावशी उठून आल्या होत्या आणि मागच्या चाकाला पायाने धोंडा सारत होत्या.

"मावशी, ब्रेक लावलाय. आत लाल दिवा आहे बघा."

"असंल काका," त्या म्हणाल्या, "मला भायेरून दिसत नाय ना तो."

मग पाटीकडे वळल्या आणि किती देऊ म्हणून विचारलं. मी तीन किलो घेतली.